राणीच्या बागेतली राणी नेमकी कोण? सहलीनंतर उरलेले प्रश्न

दुधनाकाठ:

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवते. गेल्या जानेवारीत आमची सहल मुंबईला गेली होती. देवगिरी एक्सप्रेसमधून रात्रभर बसून आलेली मुले सकाळी भायखळ्याला राणीच्या बागेत शिरली, तेव्हा त्यांचा सगळा शीण पळाला. पेंग्विनच्या काचेला नाक लावून ती अर्धा तास हलली नाहीत, आणि ते अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते पुढचे.

बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी त्याच्याजवळ बराच वेळ उभी होती. तिचे वडील गवंडीकाम करतात. तिने हत्तीच्या अंगावरच्या भेगांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बाई, हा अख्खा हत्ती नाही, हा जोडलाय." मी जवळ जाऊन पाहिले, तर खरोखरच तुकडे एकमेकांना सांधल्याच्या रेषा अंगभर दिसत होत्या. मग आम्ही बागेतला काळ्या घोड्यावरचा स्वार पाहिला. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, की हा राजा असेल तर याला चौकात न ठेवता झाडांमध्ये का ठेवले आहे? आणि परतीच्या वाटेवर तिसऱ्याच मुलाने विचारले, की फाटकावर जिजाबाईंचे नाव आहे, मग सगळे जण राणीची बाग का म्हणतात, आणि ती राणी म्हणजे जिजाबाईच का?

आमच्याबरोबरच्या वाटाड्याने मुलांना सांगितले, की व्हिक्टोरिया राणीने मुंबईच्या लोकांना ही बाग भेट दिली आणि तिचा सगळा खर्च इंग्लंडहून आला. मला हे पटले नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्याकडे नव्हती. आपण मराठवाड्यातली माणसे निजामाच्या राज्यातली, त्यामुळे इंग्रजी अमलातल्या मुंबईचा इतिहास आपल्या घरच्या आठवणींत फारसा नाही. माझे आजोबा रझाकारांच्या गोष्टी सांगत असत, गव्हर्नरांच्या नव्हे. म्हणून जाणकारांना विनंती आहे, की ही बाग कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने उभी केली, तो हत्ती कसा फुटला आणि तो स्वार तिथे कसा आला, हे मुलांना सांगता येईल अशा रीतीने समजावून सांगावे.

औसेकर:

ताई, आपल्या विद्यार्थिनीचे कौतुक वाटले. मी मूळचा औशाचा. नोकरीच्या निमित्ताने बावीस वर्षे भायखळ्याच्या परिसरात राहिलो आणि त्यातली कितीतरी वर्षे सकाळचे फिरणे या बागेतच झाले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सर्वांत आधी वाटाड्याचे म्हणणे बाजूला ठेवा. बागेला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले होते एवढे खरे, पण बाग ही तिची देणगी नव्हती, आणि बागेची मुळे तर भायखळ्यातही नाहीत. ती शिवडीला आहेत. १८३० च्या दशकात 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची संस्था मुंबईत काम करत होती, आणि शेती व बागायतीचे प्रयोग करण्यासाठी तिने शिवडीला एक वनस्पतिउद्यान तयार केले होते. बाहेरदेशची झाडे या हवेत तगतात का, कोणते बियाणे चांगले उगवते, कोणते फळझाड इथल्या मातीत फळ धरते, हे पाहणे हा त्यामागचा हेतू होता. त्यात जिज्ञासा होती हे मी नाकारत नाही. परंतु कंपनी सरकारच्या दृष्टीने वनस्पतिशास्त्र हे व्यापाराचे आणि महसुलाचे शास्त्र होते, हेही मुलांना सांगायला हवे. कोणते पीक कुठे येते हे ज्याला कळते, त्याला सारा किती आणि निर्यात किती याचाही अंदाज येतो.

पुढे शिवडीची ती जागा युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ मध्ये, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झाली, आणि ती या संस्थेच्याच जमिनीवर आहे. बागेसाठी माझगावच्या माउंट इस्टेटमधली ३३ एकर जमीन मिळाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या त्या पत्नी. म्हणजे बाग आधी झाडांची, मग नावाची. आणि प्राण्यांची तर त्याहूनही नंतरची. १८७३ मध्ये ती संस्था संपुष्टात आल्यावर बाग नगरपालिकेकडे आली आणि १८९० मध्ये आणखी १५ एकर जमीन जोडून तिथे प्राणिसंग्रहालय वाढवले गेले. आज लोक वाघ आणि पेंग्विन पाहायला जातात, पण माझ्या मते त्या बागेचा खरा ऐवज झाडेच आहेत. त्याविषयी अधिक माहितगार इथे आहेत, त्यांनी लिहावे.

आता पैशाचा प्रश्न. बागेत उभी राहिलेली जी मोठी इमारत, म्हणजे संग्रहालय, तिच्या जन्माची गोष्ट १८५७ पाशी सुरू होते. त्याआधी कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्ट भागातल्या, एका बराकीत सरकारने उद्योग आणि निसर्गातल्या वस्तूंचे एक संग्रहालय मांडले होते. उत्तरेत उठाव झाला, बराकी सैन्याला हव्या झाल्या, आणि तो सगळा संग्रह घाईघाईने टाऊन हॉलमध्ये हलवावा लागला. पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले. तेव्हा मुंबईतल्या प्रतिष्ठित नागरिकांनी राणीच्या नावाने नवे संग्रहालय उभारायचे ठरवले आणि त्यासाठी वर्गणी गोळा केली. त्या कामात पुढे होते नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड, इंग्रजांपैकी डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी मनापासून कष्ट घेतले. डेव्हिड ससून यांनी बागेच्या दारातला घड्याळाचा मनोरा बांधून दिला आणि संग्रहालयातला प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळाही दिला. हे ससून बगदादहून आलेले यहुदी व्यापारी. त्यांच्या व्यापारात कापूस होता आणि चीनला जाणारी अफूही होती; हे न सांगता नुसते दातृत्व सांगणे मला योग्य वाटत नाही.

वर्गणी एवढी सहज का जमली, याचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या वाचकांना ओळखीचे वाटेल, ते म्हणजे कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईच्या बंदरात सोन्याच्या भावाने गेला. मुंबईत पैसा ओसंडून वाहू लागला. १८६५ मध्ये ते युद्ध थांबले, भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि संग्रहालयाचे बांधकाम पैशाअभावी अडले. शेवटी सरकारला हात घालावा लागला आणि १८७२ मध्ये ते खुले झाले. त्यामुळे एखाद्या मुलाने "पैसा कुणाचा?" असे विचारले, तर मी म्हणेन, की मुंबईच्या व्यापाऱ्यांचा, थोडा सरकारचा, आणि त्या दोघांच्याही मागे कापूस वेचणाऱ्या माणसांचा. त्या शेतकऱ्याचे नाव मात्र तिथल्या एकाही शिळेवर नाही.

संग्रहालयाचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असे होते. लंडनच्या प्रसिद्ध संग्रहालयाला तेच नाव १८९९ मध्ये मिळाले, म्हणजे मुंबईच्या नंतर. १९७५ मध्ये मुंबईच्या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले आणि ते अत्यंत योग्य झाले. आपल्या मुलांना हेही सांगा, की याच भाऊ दाजींनी आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांच्या प्रती करवून घेऊन ते वाचण्याचे काम केले होते. मुंबईच्या बागेत ज्यांचे नाव आहे, तो माणूस आपल्या डोंगरातली अक्षरे वाचत होता.

वेरूळचा पाथरवट:

हत्तीविषयी मी लिहितो. माझे घराणे दगडाच्या कामातले आहे आणि कैलास लेण्याच्या अंगणातले, सोंडा तुटलेले दोन्ही हत्ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे मुंबईच्या त्या हत्तीपुढे मीही बराच वेळ उभा होतो.

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. बेटाच्या दक्षिणेकडे, होड्या जिथे लागत त्या बाजूला तो उभा होता, आणि पोर्तुगीज जेव्हा तिथे आले तेव्हा त्यालाच पाहून त्यांनी बेटाला एलिफंटा असे नाव दिले. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोके गळून पडले आणि नंतर धडही खचले. १८६४ मध्ये तो उचलून विलायतेला न्यायचे ठरले. उचलताना यारी तुटली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे विलायतेला न जाता राणीच्या बागेत येऊन पडले आणि जवळजवळ पन्नास वर्षे तसेच राहिले. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आपल्या विद्यार्थिनीने पाहिलेल्या रेषा त्या जुळवणीच्या आहेत.

दगडाचे थोडे सांगतो. आपल्याकडचा काळा पाषाण कठीण असतो, पण तो सगळीकडून एकजीव नसतो. त्याच्या पोटात बारीक नैसर्गिक सांधे असतात, ज्यांना आम्ही शीर म्हणतो. छिन्नी लावण्याआधी जुना पाथरवट हातोडीने दगड वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे आणि बद्द आवाज आला तर आत शीर आहे असे समजायचे. शेकडो वर्षे ऊन-पाऊस आणि समुद्राचा खारा वारा खाल्लेल्या, आधीच मान गळालेल्या दगडाला एका साखळीवर टांगले, की सगळा भार त्या शिरांवर येणार. तो तुटला याचे मला नवल वाटत नाही. तो जागेवरून हलवावा असे कुणाला वाटले, याचे मात्र दुःख होते. कैलासाचे हत्ती वाचले, कारण ते डोंगरातच कोरलेले आहेत आणि डोंगर उचलून नेता येत नाही.

एक सूचना करतो. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात, तर हत्तीच्या पायांपासून वर बघायला सांगा. कोणता तुकडा मूळ जागी बसला आहे आणि कुठे भर घालून आकार पुरा केला आहे, हे दगडाच्या पोतावरून ओळखू येते. गवंड्याच्या मुलीला ते नक्की दिसेल.

गोदातीर नांदेड:

घोडेस्वाराविषयी. तो स्वार म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेला, त्या वेळचा युवराज. तो १८७५ मध्ये मुंबईला आला होता, आणि त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा शहराला दिला. १८७९ मध्ये तो कोटाच्या भागात उभा राहिला. मुंबईकरांनी स्वाराकडे लक्षच दिले नाही. त्यांनी त्या सगळ्या परिसराला काळा घोडा असे नाव दिले. राजाचे नाव विसरले गेले आणि घोड्याचे टिकले.

१९६५ मध्ये मुंबईत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आणि राजघराण्यातल्या पुतळ्यांची मोडतोड झाली, त्यानंतर महापालिकेने रस्त्यांवरचे पुतळे हलवले. त्यातले अनेक राणीच्या बागेत आणि संग्रहालयाच्या आवारात आणून ठेवले गेले. त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. राजाला झाडांत ठेवले, कारण स्वतंत्र झालेल्या शहराला तो चौकात नको होता. आणि फोडून टाकला नाही, कारण तो इतिहासाचा पुरावा होता. काळा घोडा चौकात २०१७ मध्ये नवा घोडा उभारला गेला, त्यावर स्वार नाही.

तिथे खुद्द व्हिक्टोरिया राणीचाही पुतळा आहे. त्याची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगत असे. हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला होता आणि १८७२ मध्ये त्याचे अनावरण झाले. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी रात्रीच्या वेळी त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला. एका मराठा संस्थानिकाने दिलेला पुतळा आणि त्यालाच डांबर फासणारे पुण्याचे तरुण, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर त्या शतकातले आपलेच दुभंगलेपण मुलांना दिसेल, आणि माझ्या मते ते धड्यातल्या सनावळीपेक्षा फार महत्त्वाचे आहे.

औसेकरांच्या एका विधानाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी राणीच्या नावाने वर्गणी जमवली, हे वाचून मुलांना ते इंग्रजांचे अंकित वाटू शकतील. तसे ते नव्हते. १८५२ मध्ये मुंबईत 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन करून कारभाराविषयीच्या तक्रारी थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडणाऱ्यांत हे दोघेही होते. राजनिष्ठेची भाषा वापरून शहरासाठी शाळा, ग्रंथालये, संग्रहालये मिळवायची, ही त्या पिढीची रीत होती. आज ती आपल्याला नम्र वाटते. पण त्या नम्रतेतून काय पदरात पडले, ते आजही भायखळ्याला उभे आहे.

औसेकर:

सर, आपली दुरुस्ती मान्य. अंकित असा माझा रोख नव्हता, पण वाचणाऱ्याला तसे वाटू शकते, म्हणून आपण लिहिले ते बरे झाले. १८५७ चा उल्लेख केला, तेव्हा एक गोष्ट जोडायची राहिली. ज्या वर्षी मुंबईच्या बराकी सैन्याने घेतल्या, त्याच वर्षी आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळातल्या शिपायांनी बंड केले होते. पुण्याकडून फौज आली आणि त्या शिपायांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. क्रांती चौकाचे नाव त्यांच्याच स्मृतीचे आहे. निजामाच्या राज्यात इंग्रजी इतिहास नाही असे आपल्याला वाटते, पण तो चौकाचौकांत आहे.

फळबाग परभणी:

माझे आयुष्य फळझाडांच्या कामात गेले, म्हणून झाडांविषयीची जबाबदारी मी घेतो.

ताई, पुढच्या वेळी मुलांना प्राण्यांआधी चार झाडे दाखवा. पहिले कैलासपती. याची फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटलेल्या काड्यांवर येतात. जाड गुलाबी पाकळ्यांच्या आत नागाच्या फण्यासारखा वाकलेला झुबका आणि त्याखाली पिंडीसारखा उंचवटा असतो. फूल तळहातावर घेतले तर वास हाताला बराच वेळ राहतो. आपण त्याला शंकराचे झाड मानून देवळापुढे लावतो, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहे. दुसरे उर्वशी. हे ब्रह्मदेशातले, आणि त्याचे शास्त्रीय नाव गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट यांच्यावरून ठेवलेले आहे. एका झाडाच्या शास्त्रीय नावात साम्राज्य आणि मराठी नावात स्वर्गातली अप्सरा, असा हा प्रकार. तिसरे पर्जन्यवृक्ष, तेही अमेरिका खंडातले. चौथी गोरखचिंच, जी आफ्रिकेतली आहे, पण इंग्रजांच्या कितीतरी आधी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आलेली आहे. म्हणजे सगळेच बाहेरचे इंग्रजांनी आणले, असे नाही.

आपल्या मराठवाड्यात वैशाखात जो गुलमोहर रस्त्यांवर पेटलेला असतो, तोही मादागास्करचा. आणि त्याची भारतातली पहिली नोंद १८४० च्या सुमारास शिवडीचीच सांगितली जाते. औसेकरांनी शिवडीच्या बागेचे लिहिले तेव्हा मला तो गुलमोहर आठवला. आपल्या शाळेच्या आवारात गुलमोहर नक्कीच असेल. मुंबईला न जाताही त्या इतिहासाचे एक टोक मुलांना हात लावून पाहता येईल.

मराठवाड्यात अशी कंपनी बाग का नाही, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. उत्तर सोपे आहे. इथे निजामाचा अंमल होता, आणि सार्वजनिक बागेचा विचार हैदराबादेत बाग-ए-आमच्या रूपाने रुजला. जिल्ह्यांपर्यंत तो फारसा आला नाही. धाराशिव-नळदुर्गचा भाग तेवढा १८५३ च्या तहाने काही वर्षे इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, तिथे मेडोज टेलर यांनी कारभार पाहिला, आणि १८६० मध्ये तो निजामाला परत मिळाला. आपल्याकडच्या बागा त्याहून जुन्या, मोगली वळणाच्या आहेत. खुलताबादची बनीबेगम बाग पाहा, किंवा संभाजीनगरची हिमायत बाग पाहा. राजघराण्यासाठी लावलेल्या हिमायत बागेत आज आपल्या परभणीच्याच कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र चालते. मुंबईत प्रयोगाची बाग लोकांच्या करमणुकीची झाली आणि आपल्याकडे शाही करमणुकीची बाग प्रयोगाची झाली.

एक काळजी मात्र बोलून दाखवतो. राणीच्या बागेत आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय करायची योजना २००७ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा तिथल्या झाडांसाठी मुंबईच्या काही महिला उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. एकेका झाडाची नोंद करून त्यांनी लोकांना दाखवून दिले, की ही जागा म्हणजे पिंजऱ्यांची जत्रा नाही, ते एक वनस्पतिउद्यान आहे. दीडशे वर्षांचे झाड तोडून दुसरीकडे दहा रोपे लावली, तर हिशेब जुळला असे कागदावर दिसते. ज्याने आयुष्यात एक आंबा वाढवला आहे, त्याला तो हिशेब कधीच पटणार नाही.

दुधनाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. शनिवारी मी वर्गात हे सगळे सांगितले. काय सांगितले ते इथे नोंदवते, म्हणजे माझी काही चूक झाली असल्यास आपण दुरुस्त कराल.

राणीच्या बागेतली राणी म्हणजे व्हिक्टोरिया, पण बाग तिने दिलेली नाही, हे मुलांना लगेच समजले. कापसाचा भाग सांगताना मी थांबले, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या वेळी वेचणीचाच कापूस पडलेला होता. एका मुलाने विचारले, की तेव्हा भाव चढला तर शेतकऱ्याला किती मिळाले? मी त्याला सांगितले, की बराचसा पैसा मधल्या व्यापाऱ्यांकडे आणि सावकारांकडे थांबला, आणि १८६५ नंतर भाव पडले तेव्हा कर्ज मात्र शेतकऱ्याच्या अंगावर राहिले. पुढे दहाच वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तो दख्खनचा उठाव आम्हाला पुढच्या इयत्तेत आहे. दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवता येतील असे मला आधी कधी सुचले नव्हते.

जिजाबाईंच्या नावाविषयी मी मुलांना एवढेच सांगितले, की त्या सिंदखेडच्या, म्हणजे आपल्या जालन्याच्या शेजारच्या, आणि त्यांचे सासर वेरूळच्या भोसल्यांचे. फाटकावरचे नाव आपल्याच भागातले आहे हे कळल्यावर मुले खूश झाली. बोलताना मात्र ती अजूनही राणीची बाग असेच म्हणतात आणि मी त्यांना टोकले नाही.

पाथरवट दादांनी लिहिलेले मी त्या मुलीला वेगळे वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी ती वडिलांची हातोडी घेऊन शाळेत आली. मधल्या सुट्टीत तिने आमच्या पायरीचे दगड एकेक करून वाजवले, आणि तिसऱ्या पायरीपाशी थांबून मला हाक मारली. आवाज बद्द येत होता. वाकून पाहिले, तर दगडाच्या कडेने केसाएवढी एक रेघ आत गेलेली होती. इतकी वर्षे मी त्याच पायरीवरून चढते आहे.

फळबाग सर, आवारात गुलमोहर आहे. त्याच्या खोडाला मुलांनी पुठ्ठ्याची पाटी बांधली आहे. तिच्यावर वर 'मादागास्कर', त्याखाली 'शिवडी' आणि सर्वांत खाली आमच्या गावाचे नाव लिहिले आहे.